भिडस्तांची होडी

कुरुंदवाडच्या माणसाला पाण्याविषयी काही सांगायला जाऊ नये. जुलै उजाडला की तिथल्या सलूनमधला कारागीर गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावतो आणि विचारतो, "कोयनेतनं किती सोडलंय?" गिऱ्हाईक मान न हलवता क्युसेकमध्ये उत्तर देतं. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, सांगलीच्या आयर्विन पुलाखाली किती, अलमट्टीवाले सोडतो म्हणतात किती आणि सोडतात किती, हे सगळं तिथं शाळकरी पोराला पाठ असतं. पाढे नसले तरी चालतं. गावाला एका अंगानं पंचगंगा, दुसऱ्या अंगानं कृष्णा. पलीकडं नरसोबाची वाडी. तिथं तर पुरालाही मान आहे. पाणी देवळात शिरलं, पादुकांवरनं वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा! लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. बाकीच्या महाराष्ट्रात पाणी आत शिरलं की लोक नगरपालिकेला फोन करतात.

एवढं पाणी कळणाऱ्या मुलखाला होडीही तितकीच कळत असणार, असा आपला समज होतो. होडी कळते, नाही असं नाही. पण जुन्या माणसांचा खरा जीव काईलीवर. काईल म्हणजे गुऱ्हाळावरची, उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, म्हणून काईल रिकामी; आणि पुरामुळं माणसं अडकलेली. दोन्ही अडचणी एकमेकींवर घातल्या की प्रश्न सुटला. काईलीला नाळ नाही, सुकाणू नाही, पुढचं टोक नाही की मागचं नाही. पाण्यात पडली की ती स्वतःभोवती गरगर फिरते, त्यामुळं आत बसलेल्या प्रत्येकाला आळीपाळीनं पुढं बसल्याचा मान मिळतो. सार्वजनिक जीवनासाठी इतकं सोयीचं वाहन पुन्हा निघालं नाही.

होडीचं तसं नाही. होडीला पुढचं टोक असतं, आणि तिथं एकच माणूस मावतो. सगळ्या भानगडी तिथून सुरू होतात.

पावसाळा उताराला लागला की कृष्णाकाठाला होड्यांच्या शर्यतींचा ज्वर चढतो. सांगलवाडी, कसबे डिग्रज अशा गावांतून बोट क्लब आहेत. नावात क्लब असला तरी आत सोफे नाहीत. शेतातनं आलेली, दंडाला दंड न मावणारी पोरं आहेत. शर्यतीच्या दिवशी काठावर माणूस मावत नाही आणि तो सगळा जमाव आपापल्या गावच्या होडीला पाणी कसं कापायचं ते ओरडून सांगत असतो. वल्हं मारणारे ऐकत नाहीत, म्हणूनच होड्या पोचतात.

पण मला बोलायचंय ते होडी पळवण्याबद्दल नाही, बांधण्याबद्दल. आणि तेही चार जणांनी मिळून, हौसेनं, बिनपगारी बांधण्याबद्दल. हे खूळ पद्धतशीरपणे चालवलं स्कॉटलंडनं. २००९ साली तिथल्या अँस्ट्रुदर गावच्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयाच्या मनात आलं, की किनाऱ्यावरच्या गावांनी पुन्हा वल्ही हातात घ्यावीत. इयन ऑट्रेड नावाच्या नामांकित आरेखकाकडून २२ फुटी लाकडी होडीचा आराखडा करून घेतला. प्लायवूडचे भाग यंत्रावर अचूक कापून गावाला मिळायचे. गावानं एखाद्या रिकाम्या शेडमध्ये जमायचं आणि ते जोडायचे. शिक्षिका, टपालवाला, निवृत्त परिचारिका, ज्यांनी आयुष्यात कधी स्टुलाचा पायही बसवला नाही अशी माणसं. म्हणता म्हणता दोनशेच्या वर होड्या झाल्या, २०१३ मध्ये अलापूलला त्यांची जागतिक स्पर्धासुद्धा भरली. या होडीत पाच माणसं बसतात. चौघं जायच्या दिशेकडं पाठ करून जिवाच्या आकांतानं ओढतात. कुठं चाललोय ते फक्त पाचव्याला दिसतं, आणि तो ओढत नाही, नुसता ओरडतो.

हे वाचलं आणि खात्री पटली, की ही होडी आपल्याकडं मुळीच परकी वाटणार नाही. आपल्या कित्येक संस्था याच बैठकव्यवस्थेवर सुवर्णमहोत्सवापर्यंत पोचल्या आहेत.

तेव्हा समजा, असा एक होडीचा संच कुरुंदवाडच्या घाटावर येऊन पडला. संगमाजवळ, पटवर्धन संस्थानच्या काळातल्या त्या दगडी पायऱ्यांवर. भाग क्रमांक १ ते अमुक, सोबत इंग्रजी माहितीपत्रक.

पहिली गोष्ट, माहितीपत्रक हरवेल. हरवेल म्हणजे कुणीतरी "रात्री वाचून उद्या आणतो" म्हणून घेऊन जाईल. दुसरी गोष्ट, भाग अचूक कापलेले आहेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. एक जण टेप लावेल, दुसरा त्याचा टेप लबाड आहे म्हणून आपला लावेल, आणि दोघांत दोन सुतांचा फरक निघाला की कंपनीनं फसवलं असा ठराव होईल. तिसरी गोष्ट फार मोठी आहे. ही होडी पालथी बांधतात. आधी साचे उभे करायचे, त्यांच्यावर तळापासून फळ्या चढवत न्यायच्या, आणि सगळं झालं की वीस-पंचवीस माणसांनी उचलून ती उताणी करायची. हे कुरुंदवाडच्या घाटावर होऊच शकत नाही. कारण घाटावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबणार.

"उलटी झाली की वो!"

"उलटी न्हाई, आण्णा. बांधतानाच अशी बांधत्यात."

"आरं, पण आत्ताच उलटी असली तर पुढं काय हुईल?"

या प्रश्नाला उत्तर नाही. दिवसातून चाळीस वेळा तो कानावर पडला की बांधणाऱ्यांचाच धीर सुटतो. वडीलधारं माणूस शुभ बोलत नसताना तळ तासणं कठीण. म्हणून मग संच गुंडाळून तालमीच्या माळ्यावर जाईल आणि ठरेल, की आपण आपल्या पद्धतीनं, सुलटी, फळीची होडी करूया. एक मिस्त्री बघूया. बाकी कामाला आपण आहोतच की.

या "आपण आहोतच की"मध्ये किती माणसं येतात, याचा अंदाज बाहेरच्याला यायचा नाही. एकत्र येणं ही कुरुंदवाडची अडचण कधीच नव्हती. इथं मशिदीत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले की पीर आणि गणपती एका छताखाली राहतात, आणि ताबुताला खांदा द्यायला जातीची चौकशी होत नाही. तेव्हा होडीवर नारळ फोडायचा का फातिहा द्यायचा, यावर कुणाचा एक मिनिट जाणार नाही. दोन्ही होईल आणि चहा एकच येईल. खरी अडचण पुढं आहे. एकत्र आलेल्या या सगळ्या माणसांना एकमेकांची भीड आहे.

भीड हे आपल्या सार्वजनिक बांधकामांचं मुख्य साहित्य. मांडवाचा खांब तिरका लागलाय हे सगळ्यांना दिसतं. पण तो ज्यानं पुरला त्याच्या चुलत्यानं मागल्या साली पाच हजारांची पावती फाडलेली असते. मग खांब सरळ करण्याऐवजी पताका तिरकी बांधतात, म्हणजे दोन्ही मिळून शोभतं. गटारीचा उतार उलटा पडतो, सभागृहाचा दरवाजा आत उघडायचा तो बाहेर उघडतो, व्यासपीठाला जिना करायचा राहतो. कुणी कुणाला बोलत नाही. आणि या सगळ्या वास्तू उभ्या राहतात! पन्नास-पन्नास वर्षं राहतात. जमीन सोशिक आहे, ती सांभाळून घेते. पाण्याशी मात्र आपली अशी सोयरीक नाही. फळीत सुतभर फट राहिली, तर ती कुणाच्या मेव्हण्यानं ठेवली याची चौकशी न करता पाणी आत येतं.

हे एकट्या मिस्त्रीला माहीत असतं. म्हणून तो फारसा बोलत नाही.

वर्गणी गोळा व्हायला मात्र वेळ लागत नाही. तरी खजिनदाराला लाकडाचा दर ऐकून ठसका लागतोच. सागवान म्हणताच तो फणसावर येतो, फणसावरनं आंब्यावर, आणि आंब्यावरनं "त्या पडलेल्या शाळेच्या वाशांचं काय झालं हो?" इथपर्यंत. कुणीतरी त्याला सांगतं, की जुन्या काळच्या जहाजांना खिळाच नसायचा, फळ्या काथ्यानं शिवायचे. नौदलानं तसं एक जहाज नव्यानं बांधून घेतलं, कौंडिण्य नावाचं. मे २०२५ मध्ये कारवारला ते दाखल झालं. खजिनदाराच्या चेहऱ्यावर महिन्यानं पहिल्यांदा तेज येतं. "म्हंजे खिळ्यांचं पैसं वाचलं." तसं शिवायला केरळातले जाणते कारागीर आणावे लागले होते, हे ऐकून ते तेज मावळतं.

लाकूड आलं की देणगीदार येतात. आपल्याकडं देणगीदाराला वस्तूवर नाव लागतं. बाकावर लागतं, पंख्याच्या पात्यावर लागतं, पाणपोईच्या ग्लासावर साखळीच्या वर लागतं. होडीला मिळून वीसेक फळ्या; प्रत्येक फळीमागं एक घराणं. पेंटर तयार, रंग तयार, आणि मग लक्षात येतं की प्रत्येक फळीवर लिहायचं आहे ते 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ'. रस्त्याकडेच्या बाकावर हे वाचून बसायला कुणाला काही वाटत नाही. पण आत पाय टाकण्याआधी दोन्ही अंगांनी वीस दिवंगतांची यादी वाचायची, आणि मग नदीत शिरायचं, याला छाती लागते. तोडगा निघतो. नावं आतल्या बाजूनं लिहा. म्हणजे बसल्यावरच दिसतील.

होडीच्या नावावरून तर तीन बैठका. गावात जन्मलेलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८७२. गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणं संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून चार माणसांत आणलं. गुरुजींची सूचना, की होडीला त्यांचं नाव द्यावं. सूचना उत्तम. पण वल्हं मारणाऱ्या पोरांचं म्हणणं, "पलुसकर पुढं, पलुसकर मागं पडले, पलुसकरांना डिग्रजनं मारलं, असं माइकवरनं ऐकायला बरं वाटंल काय, गुरुजी?" गुरुजी गप्प. पोरांना नाव हवं संताजी. सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी इथं संगमावर मानतात. मोगलांची घोडी म्हणे पाण्यात संताजी-धनाजी दिसतात म्हणून पाणी प्यायची नाहीत. पाण्यातल्या वाहनाला यापेक्षा नाव कुठलं मिळणार? एवढा बिनतोड मुद्दा आल्यावर नाव ठरायला हवं. पण गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलतात, आणि पावतीपुस्तकावर नावाच्या जागी 'नियोजित होडी' एवढंच छापून येतं.

काम सुरू होतं संध्याकाळी सहानंतर. स्वयंसेवक म्हणजे दिवसा ज्याचं दुसरीकडं काम असतं तो. सहाला येतात, सातपर्यंत कालच्या कामाची पाहणी करतात. प्रत्येकाला एक हत्यार आवडतं. रंधा सगळ्यांना आवडतो, कारण त्यातनं सुंदर सालं निघतात आणि आपण काहीतरी करतोय हे आपल्यालाही दिसतं. म्हणून फळी जिथं तासायची असते तिथंही तासली जाते, आणि जिथं नसते तिथंही. पटाशीला कुणी हात लावत नाही. तिनं चूक लगेच दिसते. गिरमिटानं भोक पाडायला तरुण मंडळी पुढं. त्यांच्यातल्या एकाला थांब म्हणायला मिस्त्री वळतो, तेवढ्यात दुसऱ्यानं पाडलेलं असतं. "असू दे, मिस्त्री. बुजवूया की." लाकडाची होडी बांधताना पाडलेल्या भोकांपेक्षा बुजवलेली भोकं जास्त होतात आणि ती मोजायची नसतात.

बायका येतात तेव्हा कामाला थोडी शिस्त लागते. बचत गटातली एक काकू येऊन उभी राहते. दोन फळ्यांमधली फट बघते. बोटानं चाचपते. "ह्यात काय घालणार?" तिला सांगतात, कापसाची वात, त्यावर डांबर. ती पदर खोचून बसते आणि एका बैठकीत सहा फूट वात दाबून भरते, कारण वळलेली वात ठासून बसवणं हे काम तिनं उभा जन्म केलेलं असतं. देवापुढं म्हणा, बरणीच्या झाकणाला म्हणा. बाकीचे तिच्याभोवती उभे राहून ते कसं करायचं ते तिला समजावतात.

होडी होते. हे नवल दर वेळी घडतं. इतक्या चर्चेतून, इतक्या असू देतून, एके दिवशी खरोखरच नाळ वर आणि तळ खाली असलेली वस्तू तयार होते, तिला काळं डांबर लागतं आणि ती दिसायला होडीसारखी दिसते. पोरं खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरतात. पाण्यात सोडतात.

आणि पाणी आत येतं.

अगदी धो धो नाही. चार-पाच ठिकाणांहून, नम्रपणे. मिस्त्री वाकून एकेक जागा बघतो आणि महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्यानं विचारतो, "ही फळी कुणी रंधली?" आदल्या संध्याकाळपर्यंत ती फळी नऊ जणांनी रंधलेली होती, फोटो आहेत. त्या क्षणी मात्र ती आपोआप गुळगुळीत झाली असावी, असं गावाचं मत पडतं.

इथं मिस्त्री आपला हुकमाचा पत्ता काढतो. होडी बुडवा. सुक्या फळ्यांची नवी होडी उथळ पाण्यात बुडवून ठेवायची असते. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फळीला फळी आवळून बसते. बांधणाऱ्यांच्या बऱ्याचशा चुका लाकूडच अशी पोटात घेतं. हे शास्त्र आहे, पण घाटावरून पाहणाऱ्याला ते शास्त्र दिसत नाही. त्याला दिसतं ते इतकंच: पावतीपुस्तक छापलं, चार महिने ठोकाठोक केली, आणि मंडळी आता ती स्वतःच्या हातानं बुडवतायत, वर दगड ठेवून.

"उद्घाटनाच्या आधीच?"

"फुगवायला ठेवलीया, आण्णा."

"बरं बरं. फुगू दे. मंडळाचं काय, सगळंच फुगतं."

तिसऱ्या दिवशी होडी वर काढतात, उपसतात, आणि ती तरंगते. चार फटींपैकी तीन मिटलेल्या असतात. चौथीतून थोडं झिरपतं, तिथं काकू पुन्हा येऊन वात दाबते. आता राहिलं उद्घाटन. घाटावर फ्लेक्स लागतो, तो होडीपेक्षा लांब. त्यावर शुभेच्छुकांचे फोटो, होडीचा नाही. प्रमुख पाहुणे येतात, त्यांच्याबरोबर त्यांची माणसं येतात, आणि नारळ फुटल्यावर सगळ्यांना फेरी मारायची असते. होडी पाच माणसांची. पाहुणे बसले, त्यांचा स्वीय सहायक बसला, अध्यक्ष बसले, माजी अध्यक्षांना खाली ठेवून कसं चालेल, आणि फोटोवाला तर हवाच. सहाव्यानं पाय उचललेला असतो. "अजून एक बसंल की."

या वाक्यावर कृष्णाकाठी आता हसता येत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला, पुरातनं माणसं बाहेर काढणारी होडी उलटली. तिच्यात पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. आणि मागं राहिलेल्या शेजाऱ्याला 'तू थांब' म्हणणं कुणालाच जमलं नसणार. तिथं तर भीडही नव्हती, माया होती. पाण्यानं तिचाही हिशेब धरला नाही.

म्हणून आमचा मिस्त्री पाण्यात मांडीभर उभा राहून, नाळेवर हात ठेवून, प्रमुख पाहुण्यांना सांगतो, "सायेब, पाचच. एक उतरा न्हाईतर होडी सुटत न्हाई." घाटावर शांतता. एवढ्या मोठ्या माणसाला असं कुणी बोललेलं गावानं ऐकलेलं नसतं. अध्यक्ष मिस्त्रीकडं डोळे वटारतात, खजिनदार आभाळाकडं बघतो. पाहुणे मात्र हसतात, सहायकाला उतरवतात, आणि चपला काढून नीट मधोमध बसतात. पाहुणे शिरोळ तालुक्यातलेच. पाणी त्यांनाही कळतं.

फेरी होते. टाळ्या पडतात. आभारप्रदर्शनात वीस देणगीदार, पाच शुभेच्छुक, मांडववाला, माइकवाला, आणि पावसानं उघडीप दिल्याबद्दल पाऊस, एवढ्यांचे आभार मानले जातात. खुर्च्या उचलायला लागल्यावर मिस्त्री हत्यारांची पिशवी आवरतो आणि खजिनदारापाशी येऊन घुटमळतो. महिन्याभराची मजुरी राहिलेली असते. प्रमुख पाहुण्याला खाली उतरवणारा माणूस, पण आता त्याची नजर खजिनदाराच्या चपलांवर.

"ते आपलं जरा..." तो म्हणतो.

"व्हय व्हय, हाय की ध्यानात! हिशेब लागला की लगेच. तुम्हाला न्हाई म्हंतोय काय, मिस्त्री?"

"तसं न्हाई वो. बघा की सवडीनं," मिस्त्री म्हणतो, आणि खुर्च्या उचलायला हात लावतो.